पेशंटबरोबर कोण आहे?

शॉन मर्फी आमच्या घरात शिरला तो भाच्याच्या लॅपटॉपमधून, आणि शिरल्या शिरल्या माझ्या आईने विचारलं, “ह्याचं लगन झालं का?” पाचव्या पर्वाच्या शेवटी होतं, असं भाच्याने सांगितलं. “मंग लाव,” म्हणून तिने पाय वर घेतले आणि सुपारी काढली. हा पोरगा स्वमग्न आहे, तरी अमेरिकेतल्या बड्या इस्पितळात सर्जन झालाय, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं त्याला वाचता येत नाही, उजेड-आवाज सोसत नाहीत, पण रोग्याच्या आतल्या नसा-धमन्या त्याला हवेत आखल्यासारख्या दिसतात, हे सगळं तिच्या लेखी दुय्यम होतं. लग्नाचं मार्गी लागणार असेल तर बाकीचं बघता येईल, असा तिचा एकूण आयुष्याकडे बघण्याचा दृष्टिकोन आहे.

मालिकेचं नाव ‘द गुड डॉक्टर’. मूळची ही कोरियाची. 2013 साली पार्क जे-बोम यांनी लिहिली आणि वीस भागांत संपवली. डॅनियल डे किम या अभिनेत्याने तिचे हक्क घेऊन ती अमेरिकेत नेली. तिथे एका वाहिनीने नको म्हटलं, दुसरीने ठेवून घेतली, आणि 2017 ते 2024 अशी सात पर्वं, 126 भाग ती चालली. मधल्या काळात जपानने आपला एक गुड डॉक्टर केला, तुर्कस्तानने आपला केला. म्हणजे लोकांशी बोलता येत नाही ही ज्याची मुख्य अडचण, तो चार देशांत चार भाषा बोलून तेलंगणातल्या आदिलाबादेत पोचला. आमच्याकडे त्याला पाचवी मिळाली, कारण आईला इंग्रजी येत नाही आणि भाचा भाषांतर करतो. भाच्याचं भाषांतर काटकसरीचं आहे. पडद्यावर चार सर्जन पाच मिनिटं तावातावाने वाद घालतात आणि हा म्हणतो, “आतून रक्त येऊन राह्यलं.” पुढची पाच मिनिटं तसाच वाद होतो. “अजून येऊन राह्यलं.”

पहिल्याच भागात शॉन नोकरीवर रुजू व्हायला निघालेला असतो आणि विमानतळावर एका पोरावर काचेचा फलक कोसळतो. शॉन सुरक्षा तपासणीत जप्त झालेल्या वस्तूंमधून चाकू उचलतो, दारूची बाटली आणि नळी जोडून छातीतली हवा बाहेर काढण्याची झडप बनवतो आणि पोराला वाचवतो. आम्ही लगेच ते आदिलाबादेत घडवून पाहिलं. आमच्याकडे विमानतळ नाही. एक जुनी धावपट्टी आहे, विमान नाही. तेव्हा अपघात बसस्टँडवर घ्यावा लागला. चाकूची अडचण नाही, शहाळेवाला असतो. अडचण गर्दीची. शॉन गुडघ्यावर बसेपर्यंत पन्नास माणसं जमली असती. एकाने जखमेत हळद भरा म्हटलं असतं, एकाने पोराच्या तोंडात पाणी ओतलं असतं, एकाने चप्पल हुंगवली असती (ती फिट आल्यावर हुंगवतात, पण तेवढा फरक कोण करतो), आणि एका वजनदार माणसाने शॉनचा दंड धरून विचारलं असतं, “तू कोण? डॉक्टर? कुठला? कोणाचा?” शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शॉनला देता आलं नसतं. वडिलांचं घर त्याने लहानपणीच सोडलंय, भाऊ वारलाय, आणि जगात त्याचा म्हणावा असा एक डॉक्टर ग्लासमन, तो तिकडे संचालक मंडळापुढे त्याच्यासाठी भांडतोय. राहिला तो हत्यारं नसताना हत्यारं करण्याचा प्रकार. त्याचं आमच्या बाजूला फारसं कौतुक व्हायचं नाही. गडचिरोलीत हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 पासून काय काय करत आले, ते ‘प्रकाशवाटा’ वाचलेल्या मराठी माणसाला ठाऊक आहे.

आईचा खरा आक्षेप मात्र तिसऱ्या-चौथ्या भागात आला. पडद्यावर एक बाई खाटेवर पडलेली, बाजूला शॉन, भिंती काचेच्या, आणि खोलीत तिसरं कोणी नाही. आई बघत राहिली. मग म्हणाली, “हिच्यासंग कोनीच कसं नाही?”

हा आक्षेप फार खोल आहे. आमच्या भागातल्या कुठल्याही दवाखान्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य ‘कुठे दुखतं’ हे नसून ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ हे आहे. नर्स वॉर्डाच्या दारातून ओरडते, औषधाच्या खिडकीतून ओरडतात, एक्स-रेवाला ओरडतो. पेशंट एकटा आला तर त्याला आधी परत पाठवतात, कोणाला तरी घेऊन ये म्हणून. पेशंट म्हणजे फक्त दुखण्याची जागा. बोलायचं ते बरोबरच्याशी. आदिलाबादचं राजीव गांधी इन्स्टिट्यूट, ज्याला आम्ही सगळे रिम्स म्हणतो, 2008 साली सुरू झालं. त्याआधीच्या जिल्हा रुग्णालयाच्या काळातही आवारात झाडाखाली डबे, चादरी, चुली आणि बरोबरची माणसं होतीच. एका रोग्यामागे चार. एक आत, एक औषधाच्या रांगेत, एक चहाच्या टपरीवर आणि एक गावाकडे फोन करून तब्येत सांगायला.

त्यात आमचा जिल्हा असा की बरोबरच्या माणसावाचून गत्यंतर नाही. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे यवतमाळ. बेला, जैनद, तांसी या बाजूला घराघरांत मराठी. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर बंजारा. बाजारात दखनी. कचेरीत तेलुगू. आणि डॉक्टर बहुतेक वेळा करीमनगर, वरंगल, हैदराबादकडचे, तरुण, नुकतेच पास झालेले, ज्यांना इथली मराठी ऐकली की आपल्याला कोणी रागावतंय असं वाटतं. मी एकदा एका बाह्यरुग्ण खोलीबाहेर बसून ऐकलं होतं. आत डॉक्टरने विचारलं, “एक्कड नोप्पी?” अटेंडंटने ते दखनीत केलं, “कां दुखरा?” म्हातारीच्या मुलाने ते गोंडीत म्हातारीला सांगितलं. म्हातारी बरंच बोलली. हातवारे करून, मध्ये एकदा डोळे पुसून, मध्ये एकदा हसून. मुलाने त्याचं दखनी केलं, “पेट.” अटेंडंटने त्याचं तेलुगू केलं, “कडुपु.” डॉक्टरने लिहून घेतलं. माझा भाचा तिथे नोकरीला शोभला असता.

म्हातारी काय काय बोलली असेल याचा मी बराच विचार केला. पोट हा तिच्या बोलण्याचा फार तर विसावा भाग असावा. पण गंमत अशी की गोळी बरोबर मिळाली. आठवड्याने ती म्हातारी बाजारात भाव करताना दिसली आणि तो भाव तिने कोणाच्याही मदतीशिवाय, तीन भाषांत केला.

तेव्हा ‘या डॉक्टरला लोकांशी संवाद साधता येत नाही’ हा जो मालिकेतला मोठा पेच आहे, ज्यावरून संचालक मंडळाच्या बैठका होतात, राजीनाम्याच्या गोष्टी होतात, तो इथे उभाच राहत नाही. इथे कोणालाच साधता येत नाही आणि काम चाललेलं असतं. शॉन फापटपसारा बोलत नाही, थेट विचारतो: कुठे, कधीपासून, किती. तीन भाषांतून गाळून जाणारं एवढंच असतं. आडवळणाने बोलणारा डॉक्टर आमच्याकडे पहिल्याच अटेंडंटपाशी अडकेल.

नजरेचंही तसंच. शॉन नजरेला नजर देत नाही, याचं त्या मालिकेतल्या रोग्यांना केवढं वाईट वाटतं! माझी आत्या हे बघून म्हणाली, “आपले डॉक्टर कुठं बघतेत? एक कागदात बघतो, एक कम्प्युटरात बघतो. हा तरी बिचारा जमिनीकडं बघतो.” आत्याचं म्हणणं, तपासताना डॉक्टरने थेट डोळ्यांत पाहिलं तर तिला धडकी भरते. काही तरी मोठं निघालं असणार.

आणि मोठं निघालं, की मग खरी मजा. म्हणजे मजा नव्हे, पण दुसरा शब्द सुचत नाही.

ही मालिका अमेरिकेत ज्यांनी रचली त्या डेव्हिड शोअर यांनी आधी ‘हाउस’ नावाची मालिका केली होती. तिच्यातल्या डॉक्टरचं ब्रीद असं की सगळे खोटं बोलतात, रोगी तर हमखास. पुढे त्याच माणसाने असा डॉक्टर उभा केला ज्याला खोटं बोलणं जडच जातं. या दोघांना एकदा आमच्याकडच्या एखाद्या कुटुंबाबरोबर नागपूरला पाठवायला हवं. आदिलाबादहून नागपूर सुमारे 200 किलोमीटर, हैदराबाद 300. मोठं दुखणं असलं की मराठी माणूस नागपूर किंवा सेवाग्राम गाठतो, तेलुगू माणूस हैदराबाद, आणि ज्याचा सरकारी आरोग्यश्री योजनेचा कागद पक्का आहे तो सांगतील तिकडे. माझ्या मामाला असंच नेलं. अहवाल आला तेव्हा डॉक्टरने नेहमीचा प्रश्न केला, पेशंटबरोबर कोण आहे? आम्ही पाच जण उभे राहिलो. बाहेर बोळात बोलणं झालं. मामाला काय सांगायचं ते तिथेच ठरलं: साधी गाठ आहे, पाण्याची. मामीला सांगायचं, मामाला सांगायचं नाही. मोठ्या मुलाला सांगायचं, धाकट्याला नाही, तो रडतो. गावात सांगायचं, अल्सर.

पाण्याची गाठ घेऊन मामा परत निघाला. पांढरकवड्यापाशी चहाला थांबलो तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, “मले मालूम हाय काय निंगालं ते. तुमच्या मामीले सांगजो नोको.” मामीला सांगून झालं होतं. मामीने मला आधीच बजावलं होतं, की मला कळलंय असं त्यांना वाटू देऊ नको. हे सगळं मी गाडीत दोन्हीकडे सांभाळत आलो. या गाडीत शॉनला बसवायची कल्पना मी करून पाहिली. भोकरला जायच्या रस्त्याचं विचारावं तितक्या सहज त्याने मामाला सांगितलं असतं, की तुम्हाला कर्करोग आहे, तो कुठवर गेलाय, आणि शस्त्रक्रिया केली तर वाचण्याची शक्यता किती. मामी किंचाळली असती. मोठा मुलगा डॉक्टरच्या अंगावर धावला असता. आणि मामाने, माझी खात्री आहे, पहिल्यांदा सरळ बसून एक प्रश्न विचारला असता, की कापूस निघेपर्यंत थांबता येईल का. तो प्रश्न त्याला विचारायचा होता आणि पाण्याच्या गाठीबद्दल तो विचारता येत नाही.

मामा मागाहून दोन हंगाम कापूस विकून गेला, पण ते वेगळं.

मालिका बघता बघता आमच्या घरात शॉनची लागण झाली. भाच्याने कुठून तरी स्वमग्नता मोजायची भारतीय पट्टी शोधून काढली. ती आमच्या राज्यातलीच आहे. सिकंदराबादला मनोविकास नगरात मतिमंदांसाठी म्हणून 1984 साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. आता तिचं नाव बदललंय. तिथे ही पट्टी तयार झाली. चाळीस कलमं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली असाल तर तुम्ही स्वमग्न नाही, 153 च्या वर असाल तर तीव्र. मोजायचं ते तयार तज्ज्ञाने, मुलाला समोर बघून आणि आईबापांना विचारून. आम्ही ते जेवणं झाल्यावर, नातेवाइकांच्या गैरहजेरीत केलं.

बदल सहन न होणे: वडिलांना पाच. त्यांची खुर्ची, त्यांचा कप, त्यांची बातम्यांची वेळ. ऐकलेलं परत परत म्हणणे: शेजारचे निवृत्त तलाठी, पाच. तुम्ही ‘यंदा पाऊस नाही’ म्हणा, ते म्हणतात, ‘पाऊस नाही, पाऊस नाही.’ संभाषण सुरू करता न येणे: मामेभाऊ. संभाषण थांबवता न येणे असं कलम नव्हतं, नाही तर आत्याला सहा द्यावे लागले असते. असामान्य स्मरणशक्ती हे एकुणचाळिसावं कलम: आई, पाच. 1983 सालच्या लग्नात कोणी काय आहेर केला, आणि काय करायला हवा होता, हे तिला पाठ आहे. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

त्या वेळी माझी मावसबहीण स्वैपाकघरात होती. ती बेल्याकडे असते. तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे. आमच्यासारखा नव्हे, कागदावर, शिक्क्यासकट. ती बाहेर आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “दादा, कप बदलला तं तुमचे बाबा रागावतेत. माह्या पोट्ट्याचा कप बदलला तं तो दोन दोन दिवस पानी पेत नाही.” आणि भांडी घासायला परत आत गेली.

भाच्याने कागद घडी करून खिशात घातला.

तिचं या मालिकेशी वेगळंच भांडण आहे. तिने दोन-चार भाग बघितले आणि तिला शस्त्रक्रियांचं काही वाटलं नाही. आवाज वाढत जातो, दिवे अंगावर येतात आणि शॉन कान दाबून कोपऱ्यात बसतो, ती जागा तिने भाच्याला परत लावायला सांगितली. ती म्हणाली, हे खरं आहे. पुढे तो पोरगा हवेत नसा बघतो आणि सगळ्या थोर थोर डॉक्टरांना चुकीचं ठरवतो, ते तिने पाहिलं नाही. तिची कैफियत अशी, की ही मालिका आणि असले सिनेमे आल्यापासून नातेवाइकांनी तिच्या मुलाची परीक्षा घ्यायला सुरुवात केलीय. आधी लोक विचारत, बोलत कसा नाही? आता विचारतात, ह्याले काय येते? कोणी विचारतं, चौदा ऑगस्ट 1962 ला वार कोणता? कोणी सतरा गुणिले तेवीस. एका काकांनी तर त्याच्यापुढे पेटी ठेवली. मुलाने पेटीचा भाता उघडून त्यातल्या वाऱ्याशी तोंड नेलं. त्याला वारा आवडतो. त्याला पंखा आवडतो. त्याला याशिवाय काही येत नाही आणि काही न येण्याची मुभा, आमच्या खानदानात जी प्रत्येकाने भरपूर वापरलीय, ती फक्त त्याला नाही. ज्या काकांनी गुणाकार विचारला त्यांचा चष्मा मुलाने ओढून काढला. काका म्हणाले, हुशार आहे!

हा समज पसरला 1988 च्या ‘रेन मॅन’पासून. डस्टिन हॉफमनने पत्ते मोजणारा, काड्या मोजणारा स्वमग्न माणूस असा रंगवला, की पुढे पडद्यावर आलेल्या प्रत्येक स्वमग्नाला काही तरी मोजून दाखवावं लागलं. आणि ज्या किम पीकच्या स्मरणशक्तीवरून ते पात्र सुचलं, तो माणूस मुळात स्वमग्न नव्हता, असं पुढच्या डॉक्टरांचं मत पडलं. सिकंदराबादच्या पट्टीतही शेवटचं, चाळिसावं कलम अलौकिक कौशल्याचं आहे. पण ते चाळीसपैकी एक आहे. मालिकावाल्यांनी पट्टी खालून वर वाचली.

मग मी, जरा चाचरतच, तिच्या मुलाच्या नव्हे तर शॉनच्या भविष्यासाठी चौकशी केली. असा मुलगा आपल्याकडे डॉक्टर होऊ शकतो का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, तेव्हा कागदोपत्री रस्ता असायला हवा. मेडिकल कौन्सिलच्या 2019 च्या नियमांत स्वमग्नतेसमोर असं होतं: साठ टक्के किंवा वर असेल तर प्रवेश नाही; सौम्य असेल आणि तज्ज्ञ समितीने योग्य ठरवलं तर शिकू शकतो; पण राखीव जागा ‘तूर्त’ नाही, मोजायची वस्तुनिष्ठ पद्धत सापडली की बघू. म्हणजे अपात्र ठरवायला साठ टक्के मोजता येतात, जागा द्यायला मोजता येत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या टक्क्यांच्या कारभाराला वेसण घातली. प्रकरण महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याचं, वाचा-भाषेच्या अडचणीचं, चव्वेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांचं. न्यायालय म्हणालं, आकडा बघून दार लावू नका. हा मुलगा अभ्यासक्रम पुरा करू शकतो का, ते तपासा. तपासलं, करू शकतो असं निघालं. एकूण शॉनला इकडे ग्लासमनपेक्षा एका चांगल्या वकिलाची गरज पडली असती, आणि आई म्हणते, ओळखीच्या तहसीलदाराची.

राहिला तो संवादाचा पेच. डेमियन मिल्टन नावाचे इंग्लंडचे एक समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः स्वमग्न. 2012 साली त्यांनी एक साधी गोष्ट मांडली. स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, असं आपण म्हणतो. पण दुसऱ्याला तरी स्वमग्नाचं मन कुठे कळतं? गल्लत दोघांमधली असते आणि पावती एकाच्याच नावावर फाडली जाते. पुढे 2020 मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी आठ-आठ माणसांच्या रांगा करून कानगोष्टीचा खेळ लावला. एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. स्वमग्नांची रांग इतरांच्या रांगेइतकीच नीट गोष्ट पोचवत होती. मिश्र रांगेत ती जास्त गळली. 2025 मध्ये तोच खेळ जास्त माणसं घेऊन केला, तेव्हा मिश्र रांगही मागे पडली नाही. हे वाचून विद्वानांची पंचाईत झाली असेल. ज्याने त्या म्हातारीचं पोट तीन तोंडांतून कागदावर उतरताना ऐकलंय, त्याची नाही झाली.

मालिकेच्या शेवटच्या पर्वात एक भाग मला फार आवडला. शॉन आता मोठा डॉक्टर झालाय, आणि त्याच्या हाताखाली चार्ली नावाची विद्यार्थिनी येते. तीही स्वमग्न. शॉनला बघूनच तिने डॉक्टर व्हायचं ठरवलेलं. ही भूमिका करणारी केला क्रोमर स्वतः स्वमग्न आहे. शॉन झालेला फ्रेडी हायमोर नाही. आणि शॉनला ती सहन होत नाही! तिचे प्रश्न, तिचं मध्येच बोलणं, तिचं सगळं. आईला हे लगेच पटलं. “सासू झाला तो,” ती म्हणाली. सात पर्वांत त्याच्यात झालेला सगळ्यात माणसासारखा बदल हा, आणि मालिकावाल्यांनी त्यालाच अडचण मानलं.

मराठीत ही मालिका झाली तर शॉनच्या मागे एक काकू, एक दुष्ट वहिनी आणि मकरसंक्रांत विशेष भाग लागतील, शस्त्रक्रिया तीन आठवडे चालेल, दर जाहिरातीआधी भूल उतरेल. पण एक गोष्ट मराठीत बरोबर होईल: खाटेभोवती माणसं असतील.

मावसबहीण मागे मुलाला कानदुखीसाठी घेऊन आली होती तेव्हा पेशंटबरोबर कोण आहे या प्रश्नाला उभा राहणारा मी होतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. खोली लहान, ट्यूबलाइट एक, तीही बारीक गुणगुण करणारी, जी मला तोवर ऐकूच आली नव्हती. मुलगा कानांवर हात धरून गोल फिरायला लागला. डॉक्टर तरुण होता, त्याने तेलुगूत विचारलं. अटेंडंटने दखनीत केलं. बहिणीने मराठीत उत्तर दिलं, मी त्याचं मोडकं तेलुगू केलं, डॉक्टर म्हणाला, कोणता कान? हे परत सगळ्या रांगेतून खाली गेलं. मुलाने काही सांगितलं नाही. तो भिंतीपाशी गेला आणि त्याने एक बटण दाबलं. खोलीत अंधार.

“करंट पोयिंदी,” अटेंडंट म्हणाला.

“करंट गेला,” मी बहिणीला सांगितलं.

सगळे सवयीने गप्प झाले, जसे आपण करंट गेल्यावर होतो. डॉक्टरने मोबाइलचा दिवा लावला. मुलाने कानांवरचे हात काढले आणि स्टुलावर येऊन बसला. डॉक्टरने त्याचा उजवा कान पाहिला, डावा पाहिला, डाव्यात मळ निघाला, थेंब लिहून दिले. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. तो बंद पडलेला नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. बहिणीने फाइल पिशवीत घातली, आणि बाहेरच्या रांगेतून कोणी तरी खच्चून ओरडलं, “जनरेटर चालू करा ना जी, इथं म्हातारे माणसं हायेत!”